कापूस घरात, गारा आभाळात

वाचकाचं पत्र

दादा, नमस्कार. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसकडे. माजघर आणि रांधायची खोली कवेलूची (कौलांची), मामाजींनी बांधलेली. पुढची खोली आणि सपरी (पडवी) टिनाची, गोठ्यावर सिमेंटचे पत्रे, न्हाणीवर एवढासा स्लॅब. मागच्या फेब्रुवारीत गारपीट झाली तेव्हा गोठ्याचे पत्रे तडकले, टिनाला खड्डे पडले, कवेलू फुटले. मृगाच्या तोंडावर थोडीफार डागडुजी करून पावसाळा काढला. आता पुढच्या खोलीत कापूस भरला आहे आणि पहाटे टिनाखालून थेंब गळतात, तेही पाऊस नसताना. मालक म्हणतात, पाऊस गेला, आता छपराचं काय घेऊन बसलीस, मृगाआधी पाहू. सासूबाई म्हणतात, कवेलू काढा अन् सगळं टिन करून टाका, वानरांचा ताप तरी जाईल. भाच्याने हिवाळ्यात छप्पर कसं सांभाळावं याचा व्हिडिओ पाठवला, त्यात माणसं छपरावरचा बर्फ खरवडत होती! हाताशी पैसा बेताचा आहे. आधी काय करू?

उत्तर

ताई, भाच्याचा व्हिडिओ आधी बाजूला ठेवू. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तो तिथला नोंदीतला नीचांक. तेव्हाही तो शून्याखाली गेला नाही. त्यामुळे कवेलूत मुरलेलं पाणी गोठून कवेलू फुटतो, छपरावर बर्फ साचून वासे वाकतात, हे सगळं थंड मुलखाचं दुखणं. आपल्या छपराला हिवाळ्यात त्रास होतो तो दवाचा, दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाचा आणि अवकाळीसोबत येणाऱ्या गारांचा.

भाऊजींचं 'पाऊस गेला' हे म्हणणं पंचांगाप्रमाणे बरोबर आहे, पण आभाळ पंचांग पाहून चालत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट विदर्भात अजून कुणी विसरलेलं नाही. ११ फेब्रुवारी २०१८लाही बुलडाणा, अकोला, अमरावतीकडे गारांनी झोडपलंच. हिवाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिमेकडून थंड वाऱ्यांचे झोत उत्तर भारतावरून सरकतात, त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून दमट हवा आपल्याकडे येते, आणि दोन्हींची गाठ पडली की ढग उंच वाढतात. त्या दिवसांत आभाळातली गोठणरेषाही खाली असते, म्हणून गार जमिनीपर्यंत येताना पुरती वितळत नाही. जुलैच्या पावसात गारा क्वचित दिसतात आणि फेब्रुवारीत आंगण पांढरं होतं, ते यामुळे.

भाऊजींना दुसरंही एक दाखवा. जूनमध्ये छप्पर गळलं तर खाली घमेलं ठेवून निभतं, कारण तेव्हा घर रिकामं असतं. जानेवारीत त्याच छपराखाली कापूस असतो, पाठोपाठ तूर येते. वर्षाची कमाई घरात असते ते हेच तीन-चार महिने, आणि त्याच महिन्यांत आपण छपराकडे पाहत नाही.

म्हणून तुमच्या 'आधी काय' याचं उत्तर सरळ आहे: आधी पुढची खोली. आणि तिच्यातही सुरुवात त्या थेंबांपासून.

ती गळती नाही. टिन वरून अगदी नवं असतं तरी ते थेंब पडले असते. रात्री आभाळ निरभ्र असलं की टिन आपली उष्णता वर सोडून देतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड पडतं. खोलीतली दमट हवा त्या थंड टिनाला लागली की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं टिनाला आतून सुटतं. आता ही दमट हवा येते कुठून? माणसांच्या श्वासातून, शेजारच्या चुलीवरच्या आधणातून, आत वाळत टाकलेल्या कपड्यांतून. आणि ताई, खुद्द कापसातून. सकाळी दव असताना वेचलेला कापूस तसाच आणून कोंडला की तो रात्रभर ओल सोडत राहतो. तुमच्याच कापसाची ओल वर जाते, टिनाला लागते आणि थेंब होऊन पुन्हा कापसावर पडते.

हा हिशेब पैशाचा आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत कापसातला ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, ८ ते १२ टक्क्यांमध्ये कपात, आणि १२च्या वर गेला तर गाडी परत. वरच्या थराला टिनाचं पाणी लागलं आणि तो थर बाकीच्या कापसात मिसळला, तर ओलावा मोजायचं यंत्र तुमची बाजू घेणार नाही.

थंडी म्हणून टिन आणि भिंतीमधल्या फटी चिंध्या नि गोणपाट कोंबून बुजवल्या असतील तर त्या आधी मोकळ्या करा. दमट हवा वर चढते, तिला वरूनच वाट हवी. दोन्ही टोकांच्या भिंतींत टिनाच्या अगदी खाली एकेक विटेएवढं भोक पाडून बारीक जाळी लावली, तर उंदीर-चिमण्या येत नाहीत आणि हवा खेळती राहते. त्या खोलीत कपडे वाळत टाकायचे नाहीत. कापूस दव उडाल्यावर वेचायचा. सकाळचा ओला असलाच तर आंगणात ताडपत्रीवर उन्हं दाखवून मगच आत. खाली विटांवर फळ्या टाकून त्यावर कापसाची गंजी लावा आणि भिंतीपासून फूटभर जागा सोडा. वरून प्लॅस्टिकची पन्नी गुंडाळू नका, पन्नीखाली ओल कोंडते. जुनं सुती लुगडं किंवा चादर पसरा, ती थेंब पिते आणि सकाळी वाळत घालता येते. अवकाळीचा अंदाज असेल तेवढ्या रात्रीपुरती पन्नी चालेल, तीही कापसाला न चिकटता दोरीवर टांगून.

पैसे असतील तेव्हा टिनाखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधून घ्या. बुरूडकाम करणारं कुणी जवळपास असेल तर काम स्वस्तात होतं, थेंब तट्ट्यावर अडतात आणि मे महिन्यात याच तट्ट्याला तुम्ही दुवा द्याल. थर्माकोल लावा असं कुणी सांगेल. कापसाच्या खोलीत तो अजिबात नको, भडकन पेटतो. वायरिंग उघडं असेल तर तेही आत्ताच बघून घ्या.

आता टिनाची वरची बाजू. गारांनी पडलेले खड्डे दिसायला वाईट असले तरी नुसत्या खड्ड्याने टिन गळत नाही. खड्ड्याच्या मध्यावर जस्ताचा थर तडकून लालसर डाग दिसत असेल तर तेवढी जागा तारेच्या ब्रशने घासून, कोरडी करून जस्ताचा रंग लावा. बाकी खड्डे तसेच राहू द्या. ठोकून सरळ करायला जाल तर होता तो थरही जाईल.

खरी गळती होते हुक आणि स्क्रूच्या जागी. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री १० अंश आणि दुपारी २८-३० अंश हे नेहमीचं, आणि उन्हातलं टिन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. टिनाच्या तापमानात दिवस-रात्रीत ४० अंशांचा फरक धरला, तर १२ फुटी पत्रा रोज सुमारे पावणेदोन मिलिमीटर लांब होतो आणि पुन्हा आखडतो. हे रोज चालतं. भोकं रुंदावतात, वायसर सुकून चिरतात, हुकाचं नट सैल पडतं. म्हणून दव उडाल्यावर वर चढून एकेक स्क्रू हाताने हलवून पाहा. वायसर कडक झाला असेल तर बदला. रबराचा वायसर जेमतेम दबेल इतकंच आवळायचं, चपटा होऊन बाहेर फाकला तर तो लवकर फाटतो. भोक मोठं झालं असेल तर त्यात पहिल्यापेक्षा जाड स्क्रू घाला. नेम चुकून पडलेलं फालतू भोक ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या चिकट पट्टीने बंद करा. कडक होणारी लांबी (पुट्टी) भरू नका. टिन हलतं, लांबी हलत नाही, ती वर्षभरात सुटते. आणि डांबर-चिंधीचा गावठी इलाज उन्हाळ्यात ओघळून भिंतीवर येतो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

टिनावर दगड, विटा, जुने टायर ठेवले असतील तर ते उतरवा. आपल्या गावांत ही फार जुनी सवय. दगडाखाली दवाची ओल दुपारपर्यंत टिकते, तिथेच गंज धरतो आणि दोन-तीन वर्षांत दगडाच्या आकाराचं भोक पडतं. शिवाय वादळात तेच दगड कुणाच्या तरी डोक्यात. टिन टिकतं ते बांधणीवर. वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. तिथे हुक जवळजवळ हवेत, मध्ये थोडे लांब चालतात. आणि एक गोष्ट हटकून पाहा: टिनाखालचे लोखंडी पाईप किंवा लाकडी बल्ल्या भिंतीवर नुसत्या टेकल्या आहेत आणि वर दोन विटा रचल्या आहेत, असं तर नाही ना? बहुतेक घरांत असंच असतं. मग टिन पाईपला घट्ट असतं, पण पाईप भिंतीला नसतो आणि अख्खं छप्पर सांगाड्यासकट शेजारच्या वावरात जातं. पाईपच्या टोकाला लोखंडी पट्टी वेढून ती भिंतीत दोन-तीन फूट खाली नेऊन सिमेंटने पक्की करायला सांगा. गावातला मिस्त्री हे काम एका दिवसात करतो. सपरी तिन्ही बाजूंनी उघडी, वारा खालून शिरतो आणि वर उचलतो, म्हणून सुरुवात तिथून.

पत्र्यांची जोडही पाहा. शेजारच्या दोन पत्र्यांत दीड नाळ (पत्र्याची लाट) एकावर एक आणि उताराच्या दिशेने वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच चढलेला हवा. जोडाचं तोंड पावसाळी वाऱ्याकडे पाठ करून ठेवायची पद्धत आहे आणि ती बरोबरच आहे. पण अवकाळीचं वादळ जिकडे ढग तिकडून येतं. जूनमध्ये न गळलेली जोड फेब्रुवारीत गळली तर मिस्त्रीला शिव्या देऊ नका. त्या जोडीत चिकट पट्टी घालून घ्या.

सासूबाईंच्या मुद्द्याला मी नाही म्हणतो, त्यांना माझा नमस्कार सांगून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि तेव्हा कवेलूखालची खोली आणि टिनाखालची खोली यांत काय फरक असतो हे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त उन्हाळे अनुभवलं आहे. कवेलू जड म्हणून वाऱ्याला सहज उचलत नाही, त्याच्या फटींतून दमट हवा निघून जाते म्हणून थेंबही पडत नाहीत. राहिले वानर. ते टिनावर उड्या मारायचे थांबत नाहीत ताई, फक्त आवाज मोठा येतो आणि स्क्रू ढिले होतात. वानर छपरावर येतं ते झाडावरून. कडुनिंबाची, चिंचेची जी फांदी पाखावर आली आहे ती छाटा. छपरावर शेंगा, मिरच्या, वाळवण ठेवणं बंद करा. वानरांना भाकरतुकडा टाकायची घरातल्या कुणाची सवय असेल (बहुतेक घरांत असते आणि ती नेमकी सासूबाईंचीच असते), तर ती हात जोडून सोडवा.

कवेलू हिवाळ्यात फेरायचा (उतरवून पुन्हा रचायचा) का? अख्खा नाही. भर दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार करा आणि वर पाहा. तिरपा उजेड येतो तिथे बहुधा काही नसतं, कवेलूच्या फटींतून तो येणारच. पण जिथून सरळ आभाळ दिसतं तिथे कवेलू फुटला किंवा सरकला आहे. खाली जमिनीवर कोळशाने खूण करा आणि तेवढेच बदला. देशी कवेलू असतील तर सरकलेले नीट बसवणं हेच निम्मं काम. इंग्रजी (मंगलोरी) कवेलू असतील तर वरचा किंचित उचलून नवा खाली सरकवायचा. मात्र कारखान्यागणिक माप थोडं वेगळं असतं, म्हणून जुना तुकडा सोबत नेऊन जुळवूनच आणा. गावात कुठे जुनं घर पाडत असतील तर तिथले शे-दोनशे कवेलू मागून घ्या आणि परसात उभे रचून ठेवा. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी बाजारात कवेलू मिळत नाही.

पाखावर कोहळ्याचा नाहीतर वालाचा वेल चढवला असेल तर फळं उतरल्यावर तो बुडाशी कापा आणि वर आपोआप वाळू द्या. हिरवा वेल ओढला की कवेलू सोबत येतात. वाळल्यावर तोडून तोडून काढा. वेलाखाली साचलेला पाला आणि माती झाडून टाका, दवाची ओल तीच धरून ठेवते आणि खालच्या बल्लीला उधई (वाळवी) लागते.

बल्ल्या, मयाली (तुळया) आणि कमच्या (बांबूच्या चिपा) तपासायला हाच हंगाम, कारण लाकूड कोरडं असतं. पेचकस टोचून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला तर ती बल्ली पुढचा पावसाळा काढणार नाही. बांबू बदलायचा तर तोही हिवाळ्यातलाच तोडलेला घ्या, आणि जमलं तर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवा. भुंग्याला आवडणारा बांबूतला पिठूळ अंश पाण्यात निघून जातो, बांबू जास्त टिकतो.

गोठ्याच्या सिमेंट पत्र्यांवर मात्र कुणालाही चढू देऊ नका. गारांचा मार खाल्लेला पत्रा वरून धड दिसतो आणि खालून त्याला चांदणीसारख्या तडा गेलेल्या असतात. पाय पडला की माणूस सरळ खाली. काम करायचंच तर खालून, शिडीवरून. वर जाणं अगदीच भाग असेल तर दोन आडव्यांवर टेकणारी रुंद फळी टाकून तिच्यावरूनच. जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. म्हणून पत्रा काढताना पाणी मारून ओला करा, तोंडाला चांगला धुळीचा मास्क लावा (नुसतं फडकं ही धूळ अडवत नाही), कटर चालवू नका, आपटून तुकडे करू नका. फुटके तुकडे ढोरांच्या गव्हाणीवर झाकायला किंवा वाटेवर भर म्हणून वापरतात, तेही नको. पैसे कमी आहेत तर यंदा गोठ्याचे फक्त तडकलेले पत्रे बदला, बाकीचे पुढच्या वर्षी. ढोरं थोडी भिजली तर चालतील, कापूस नाही.

न्हाणीच्या स्लॅबला फार वेळ देऊ नका. पाणी जायचं तोंड पाल्याने तुंबलेलं नाही ना ते पाहा. चीर असेल तर थंडीच्या सकाळी ती सर्वांत रुंद दिसते. तेव्हा खूण करा आणि दुपारी स्लॅब पुरता कोरडा झाल्यावर लवचिक मसाला भरा. दव असताना लावलेला कुठलाही लेप धरत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार इशारे देतं, आणि मोबाईलवर 'मेघदूत' आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ही सरकारी ॲप आहेत. भाच्याला सांगा, बर्फाचे व्हिडिओ पाहण्यापेक्षा हे टाकून दे. गारपिटीचा इशारा आला की कापसावर पन्नी टांगा, सपरीतली हलकी वस्तू आत घ्या, ढोरं झाडाखाली नको, आणि पन्हळ असेल तर ती साफ करा. गारा थांबल्यावर पन्हळीत आणि दोन पाखांच्या खोबणीत त्यांचा ढीग साचतो, मागून आलेलं पाणी तुंबून भिंतीवरून आत उतरतं. विजा कडाडणं पूर्ण थांबल्यावर लांब काठीने खालूनच तो ढीग पाडा, ओल्या छपरावर चढू नका.

आणि नुकसान झालंच तर आवरायला घेण्याआधी फोटो काढा, शक्य तर गारांसकट, आणि त्याच दिवशी तलाठ्यांना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवून पंचनाम्याचा आग्रह धरा. पीक विम्यात घराचं नुकसान येत नाही, ही मदत वेगळी. गारपीट आपत्ती मदतीच्या यादीत आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत निदान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये धरले होते. पंचनाम्यात गोठा वेगळा लिहून घ्या, तो बहुतेक वेळा राहून जातो. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स एका पिशवीत घालून ठेवा. पिशवी टिनाच्या खोलीत नको, कवेलूखालच्या माजघरात ठेवा.